जवसाचा लेप आणि कूलरचं गवत

माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या दिवशी भर दुपारी तिच्या डोक्यात एका चिमणीचा संसार सहज मावेल एवढं गवत होतं, आणि ते मी घातलं होतं.

हेतू चांगला होता. (माझे हेतू नेहमीच चांगले असतात. आमच्या घरात त्यांचीच सगळ्यांना धास्ती.) नागपूरचा मे महिना! या हवेत दोरीवरचा शर्ट दुसरा झटकेपर्यंत कडक होतो, तिथे केसांची काय कथा? प्राजूचे कमरेपर्यंतचे केस पार झाडूसारखे झाले होते. संध्याकाळी साखरपुड्याला कन्हानहून मुलाकडची मंडळी येणार, फोटो निघणार, आणि पोरगी सकाळपासून आरशासमोर रडवेली.

"बाबा, कंगवा आत गेला की बाहेरच येऊन नाही राहिला!"

"केसातला ओलावा गेला वं. त्याले जवस पाहिजे."

हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. जवस उकळायचे, फडक्यातून गाळायचे आणि निघेल तो बुळबुळीत चीक केसांना लावायचा. चमचाभर पुरतो, असं व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या होत्या. पण आमच्या हुडकेश्वरच्या घरात चमचाभर काही करायची पद्धत नाही. चटणीसाठी आणलेले सगळे जवस मी पातेल्यात ओतले आणि निघालेला सगळा चीक पोरीच्या डोक्यावर थापला.

"अहो, लेप लावून राहिले की स्लॅब टाकून राहिले?" बायको, म्हणजे सुनंदा, स्वयंपाकघरातून ओरडली.

"थोडं वाळू दे, मग पाहा चमक!"

वाळायला वारा हवा. समोरच कूलर उभा होता. आदल्याच दिवशी मी इतवारीतून नवं गवत आणून त्याच्या जाळ्यांत भरलं होतं. नवं गवत आधी पंप लावून भिजवायचं, मग पंखा लावायचा, आणि तेव्हाही समोर कोणी थांबायचं नाही, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी प्राजूला कूलरकडे पाठ करून अगदी जवळ बसवलं आणि पंख्याचं बटण दाबलं.

कूलर एकदा खोकला आणि त्याने पोटातलं सगळं बाहेर काढलं.

"बाबा, मानेले काय टोचून राहिलं जी?"

"काही नाही. गार वारा आहे."

सुनंदा झारा घेऊन धावत आली. "अवं माय! पोरीचं बुजगावणं केलं न या माणसानं!"

गवताचा भुगा चिकात रुतला, चीक वाळून टणक झाला, आणि कंगव्याचे दात पटापट गळू लागले. सुनंदा म्हणाली, "धुऊन टाकू." मी तज्ज्ञाच्या अधिकाराने म्हणालो, "खबरदार! पाणी लावलं तर आणखी चिकट होईल!" शेवटी तिने कात्री आणली. "खांद्यापासून कापा लागते," ती म्हणाली. प्राजूने हंबरडा फोडला आणि न्हाणीघरात शिरून कडी लावली. मला मनापासून वाईट वाटलं. याच केसांच्या दोन वेण्या शाळेची रिक्षा यायच्या आत घालताना माझी रोज तारांबळ उडायची. आता आज तिला कापलेल्या केसांनी पाटावर बसवायचं?

इतक्यात बेल वाजली. दारात होणाऱ्या विहीणबाई! साक्षगंधाच्या साडीवरचा ब्लाउज पोरीला नीट बसतो का पाहायला त्या घाईने पुढे आल्या होत्या.

"प्राजक्ता कुठं आहे?"

"आराम करून राहिली," मी म्हणालो.

आतून पुन्हा हंबरडा.

"लय जोरात आराम करून राहिली जी!" म्हणत त्या सरळ न्हाणीघराशी गेल्या आणि त्यांनी कडी काढायला लावली. त्यांनी पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. झालं, मोडलं लग्न! त्यांनी एक बट हातात घेऊन चोळली.

"जवस आहे न?"

"हो."

"अन् हे कूलरचं गवत?"

"हो."

"मंग आधी पंप काहून नाही लावला जी?"

आणि त्या प्राजूकडे वळल्या.

"रडू नको वं बाई. जवसाचा चीक पाण्यानंच सुटते. सोड नळ!"

मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्यात चहा होईल. एरवी आम्ही त्या पाण्याला शिव्या देतो. त्या दिवशी मी हात जोडले. चीक विरघळला, गवत मोरीतून वाहू लागलं. मग खोबरेल तेलाचं बोट लावून दोघी आया दोन बाजूंनी काड्या वेचत बसल्या आणि गप्पांत अशा रंगल्या की मी त्यांना मुकाट्याने चहा करून दिला. संध्याकाळी प्राजूचे केस मऊ आणि लखलखीत! ती आरशात पाहून हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

साक्षगंध थाटात झालं. मग देण्याघेण्याची बोलणी निघाली तसा मी सावरून बसलो. विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आम्हाले काही नको जी. फक्त लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी कोणत्याच बटणाले हात लावू नये."

मी घाईघाईने कबूल केलं. इतक्या स्वस्तात सुटलेला मुलीचा बाप अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल!