खाली उतरलेलं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे – म्हणजे जेवढं ऐकून माझं काही बिघडत नाही तेवढं. उरलेलं तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी लोगो बनवतो. बेलापूरच्या एका छोट्या स्टुडिओत, एकोणीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, एक चिन्ह काढायचं, शेजारी नाव टाकायचं, झालं काम. पण खरी मारामारी त्या दोघांच्या नात्यात असते. चिन्ह किती मोठं, नावापासून किती लांब, किती वर, किती खाली. जरा हललं की सगळं एका बाजूला कलतं. आणि मोजून बरोबर असलेलं डोळ्याला बरोबर दिसेलच असं नाही. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. आमच्याच स्टुडिओतल्या हर्षदाला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते नुसतं दिसायचं.

हर्षदा उलव्याच्या बाजूच्या गावातली. वडील होड्यांवर नावं रंगवायचे, आणि ही लहानपणापासून त्यांच्याबरोबर ब्रश धरून. होडीचं अंग गोल असतं. तिथे पट्टी लावून सरळ रेघ मारली की लांबून ती वाकडी दिसते. म्हणून तिचे वडील आधी खडूने लिहायचे, वीस पावलं मागे जायचे, बघायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. हर्षदा ऑफिसातही तेच करायची – स्क्रीनवर काम मांडून खुर्ची मागे ढकलत थेट दारापर्यंत जायची आणि डोळे बारीक करून बघायची. सगळे हसायचे. मीही हसायचो. माझं हसणं मात्र निर्मळ नव्हतं.

कारण सांगू? आमच्या मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, की हिच्या नजरेला तोड नाही. मी तेव्हा अकरा वर्षं तिथे होतो, ती तीन. देवनागरीची सगळी कामं कुणा एकाकडे सोपवायची असं त्यांच्या मनात होतं, आणि ते नाव माझं नव्हतं हे मला कळून चुकलं होतं. पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला त्या महिन्यात खरोखर कळलं. जेवण जात नसे.

त्याच सुमारास उलव्यातल्या एका नव्या शाळेचं काम आलं. चिन्ह म्हणून एक पान. शेजारी शाळेचं नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली बारीक अक्षरात गावाचं नाव. आता पान कुठे ठेवायचं? दोन्ही ओळी धरून त्यांच्या बरोबर मध्यावर ठेवलं की मोजमाप चोख होतं, पण पान खाली ओघळल्यासारखं दिसतं. मराठी वाचताना आपली नजर शिरोरेषेला धरून चालते, खालची बारीक ओळ तिच्या खिजगणतीत नसते. हर्षदाने पान उचलून मोठ्या ओळीला बांधलं, टोक शिरोरेषेच्या जरासं वर काढलं. दोन दिवस ती एवढंच करत होती. आणि ते काय सुरेख दिसत होतं! मला ते दिसलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. न कळल्यामुळे झालं असं मी म्हणूच शकत नाही.

फाईल नावड्याच्या वर्कशॉपला द्यायची होती, तिथे स्टीलची अक्षरं कापणार होते. हर्षदा गावच्या जत्रेसाठी दुपारीच निघाली. जाताना म्हणाली, दादा, तुम्ही त्याच बाजूला जाताय ना, तेवढी देऊन या. मी हो म्हणालो. तिच्या टेबलावर बसलो. फाईल उघडली. आणि –

एक बटण असतं. दोन गोष्टी निवडायच्या आणि ते दाबायचं, की संगणक त्यांना मोजून मध्यावर आणतो. मी पान निवडलं, दोन्ही ओळी निवडल्या, बटण दाबलं. पान खाली आलं. स्क्रीनवर थोडंसंच.

इथे थांबलो असतो तरी एक वेळ म्हणता आलं असतं, की नियमाचा माणूस, नियमाने वागला. पण मी थांबलो नाही. ती फाईल मी तिच्याच नावाने, तिच्याच फोल्डरमध्ये, जुनीच्या जागी सेव्ह केली. जुनी उरली नाही. मी चहा मागवला होता, तो प्यायलो आणि निघालो.

पाटी लागली. स्क्रीनवर जे थोडंसं होतं ते गेटावर चांगलं चार बोटं झालं. उद्घाटनाला हर्षदा वडिलांना घेऊन गेली होती, मीही होतो. म्हातारा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला. रस्ता ओलांडून पलीकडे गेला, तिथून बघितलं, परत आला आणि हळूच म्हणाला, “पान खाली उतरलाय गो.” हर्षदालाही ते दिसत होतंच.

दुसऱ्या दिवशी शाळेचा फोन आला. पाटी उतरवून पुन्हा करून द्यावी लागली. हर्षदाने फाईल उघडली – आणि तिच्या स्वतःच्या फाईलमध्ये पान खालीच होतं. मी समोरच्या टेबलावरून तिचा चेहरा बघत होतो. संशयाने ती माझ्याकडे बघेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. चोराच्या मनात चांदणं. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने डोळे चोळले.

दुपारी जिन्यात मला गाठलं. ऑफिसात ती आमच्यासारखीच बोलायची, त्या दिवशी मात्र तिची गावची बोली बाहेर आली. “दादा, खरा सांगा. माजी नजर गेली काय?”

मनात आणलं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणालो? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं असं. नजर थकते माणसाची. यापुढे मोजून करत जा.”

बटण दाबलं ते एका क्षणाचं पाप होतं, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय. पण हे वाक्य? ते मी सावकाश, मायेने बोललो.

ती मोजायला लागली. सीवूड्सच्या डॉक्टरकडून डोळे तपासून आली, दोष काही निघाला नाही, तरी मोजत राहिली. खुर्ची मागे ढकलणं बंद झालं. एकेक काम चार-चार वेळा मला दाखवायची, दादा, बरोबर आहे ना? मी बरोबर आहे म्हणायचो. कामं बेचव होत गेली. आठेक महिन्यांनी तिने नोकरी सोडली. देवनागरीची कामं माझ्याकडे आली, ती आजही माझ्याकडे आहेत.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीचा साखरपुडा होता, हर्षदाच्याच गावात. ती तिथे भेटली. एका गोडाऊनच्या ऑफिसात कंटेनरचे नंबर भरते म्हणाली. स्टेजवर दोन पोरं शिडीवर चढून नवरा-नवरीच्या नावांची पाटी लावत होती. नावांच्या मध्ये एक मोर होता आणि तो काही केल्या नीट बसत नव्हता. खालून कुणीतरी हाक मारली, हर्षदा, तू बघ गो, सरळ हाय का? म्हणजे गावाला अजून आठवत होतं.

तिने हातातल्या ताटावरून मान वर केलीच नाही. “मला नका विचारू, मला नाय समजत,” ती म्हणाली. “दादांना विचारा.”

आणि मी सांगितलं. मोर जरा वर घ्या, डावीकडे थोडा. पोरांनी घेतला. सगळ्यांना पटलं. मग हर्षदा माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “तवा तुमीच एकटे माज्याशी नीट बोलले, दादा. मी इसरले नाय.”

मी म्हणालो, त्यात काय एवढं.

पान मी हलवलं होतं. तिची नजर तेव्हाही बरोबर होती आणि तिच्या वडिलांचीही. मोर मी सरळ करत होतो तेव्हा ती खाली ताटाकडे बघत होती, आणि मी तिला तसंच खाली बघू दिलं.