न घेतलेली चाचणी

मुरुडजवळच्या आमच्या गावी शिवमंदिरातील पूजेची वार्षिक पाळी भाऊबंदांच्या घरांतून फिरते. तीवरून होणारे वाद मिटावेत म्हणून माझ्या नातीने स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आपोआप अंमलात येणारा संगणकी करार, लिहायला घेतले. ते सांगेल ते सर्वांनी मानायचे, असे आम्ही देवापुढे वचन दिले.

ठरलेल्या दिवशी देवळात जाऊन घराने पाळी स्वीकारायची. न स्वीकारल्यास ती पुढच्या घराकडे जायची. खऱ्या ब्लॉकचेनवर चढवलेले नियम मागाहून बदलता येणार नव्हते, म्हणून तिने आधी आमच्या ओटीवर बसून लॅपटॉपमध्येच लोकल नोड चालवला. ती लुटुपुटीची साखळी. तिथले घड्याळ हवे तसे पुढे ढकलता येई आणि नोड बंद केला की सारे पुसले जाई.

“आजोबा, पाळी घ्यायच्या दिवशी घराला सुतक असेल तर? एका घरात मरण घालून बघू?”

येती पाळी माझ्या थोरल्या चुलतभावांची, दादांची होती. सुपारी कातरता कातरता दादा थांबले. “देवाच्या कामात अभद्र बोलू नये गं.”

“मोठे आजोबा, खोटं मरण आहे. नोड बंद केला की सगळे जिवंत!”

“अस्सं? मग यमाला शिकव जा. इथे नको.”

आम्ही हसलो. धर्मशास्त्र आशौचाचे नियम निःसंकोच सांगते, हे मी तेव्हा बोलायला हवे होते. थोरल्यांपुढे बोललो नाही. चाचणी राहिली आणि नियम तसेच खऱ्या साखळीवर चढले.

पाळीच्या तोंडावर वहिनी गेल्या. सुतकात दादांना देवळाची पायरी चढता येईना. पाळी पुढे गेली. सुतक फिटल्यावर ती परत देण्याची आमची पूर्वापार रीत, पण कॉन्ट्रॅक्टमध्ये ती नव्हतीच. पुढचे घर आपण होऊन द्यायला तयार होते. दादांनीच वचन मोडू दिले नाही. महाशिवरात्रीला ते सभामंडपात खांबाला टेकून, दुसऱ्याच्या हातून पडणारी अभिषेकाची धार पाहत राहिले. पाळी फिरून येईपर्यंत आपण नसू, हे त्यांना कळत होते, मलाही.

पुढे एका दुपारी ते ओटीवर आले. नातीला म्हणाले, “घाल आता ते मरण. पुढच्यांना तरी अडायला नको.”

तिने पुढच्या फेऱ्याच्या नव्या कॉन्ट्रॅक्टसाठी नियम लिहिला, नोड सुरू केला, त्यांच्याच घराला सुतक लावले, घड्याळ पुढे सरकवले. पडद्यावर पाळी त्यांच्या घरी परत आली. दादांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. मग नातीकडे वळून, “बंद केला की सगळे जिवंत, म्हणाली होतीस ना गं?”

तिने नोड बंद केला नाही. तिन्हीसांजा झाल्या तरी लॅपटॉप उघडाच होता.