जमैका विषयाबाहेर

तो लाल शेरा आठवला की माझं डोकं अजूनही फिरतं. ‘थेमा फेरफेल्ट’. म्हणजे विषय सोडून लिहिलंय.

जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर एक जमैकन गृहस्थ राहतात. केमिकल प्लांटमध्ये पाइप जोडण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत. माझी मुलगी त्यांना ओपा म्हणते, आजोबा. तिला शाळेत टेक्नो संगीतावर निबंध लिहायचा होता, तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना घरी बोलावलं आणि जुना मिक्सर जोडला. चटणीचा नव्हे, आवाजाचा. एका तयार गाण्यातलं गाणंच त्यांनी काढून टाकलं. उरले ड्रम आणि बेस. मग गायिकेचा एकच शब्द परत आणला आणि इकोच्या पेटीतून घुमत सोडून दिला. टेबलावरचे कप थरथरायला लागले.

“याला डब म्हणतात,” ते म्हणाले. “जमैकात असताना, गाणं रेकॉर्ड झालं की आमचं काम सुरू व्हायचं. तुमचं रीमिक्स, हिपहॉप, टेक्नो, सगळ्यांनी इथून काही ना काही उचललंय.”

मुलीने त्यावर दोन पानं लिहिली. सरांनी दोन्ही पानांवर तिरकी रेघ मारली, खाली तो लाल शेरा लिहिला आणि पाच दिले. इथे पाच म्हणजे नापास.

मी वेळ मागून सरांना भेटले.

“टेक्नो हे यंत्रांचं संगीत आहे,” ते शांतपणे म्हणाले. “जमैका म्हणजे समुद्र आणि सुट्टी.”

“तुम्ही ती पानं वाचलीत?”

“चाळली.”

“मी इंजिनिअर आहे. इकोची पेटी यंत्र नाही तर काय आहे?”

ते हसले. “तुमच्या भावना समजू शकतो.”

भावना! मी मुद्दा मांडत होते.

घरी नवरा म्हणाला, “अगं, एका निबंधासाठी सरांशी कशाला वाकडं घेतेस? तिला अजून त्यांच्याच वर्गात बसायचंय.” मी त्याच्यावर ओरडले, पण खरा राग माझाच मला आला होता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझीच कल्पना दुसऱ्याच्या तोंडून आली की मी इतकी वर्षं मान डोलावून ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणत आले होते.

खाली जाऊन आजोबांना सांगितलं. ते मिक्सरवरची धूळ पुसत होते.

“पोरीला म्हणावं, सरांना हवं तसं लिही. मला सवय आहे.”

त्या वाक्याने तर मी पेटलेच. “सवय कसली करून घेता?” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फडकं फिरवायला लागले. मला स्वतःची लाज वाटली. चार दिवस चिडलेली बाई त्यांना रागवायला शिकवत होती.

सरांनी निबंध पुन्हा लिहायची संधी दिली होती. “नाइन,” मुलगी आधी जर्मनमध्ये नाही म्हणाली, आणि मग चक्क मराठीत, “मी नाही लिहिणार.”

पाच तसेच राहिले. मी तिला लिही म्हणाले नाही.