तंबोऱ्यावर चार कोट

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नाही. नीउ-व्हेनेप ह्या डच गावातल्या आमच्या घरातला प्रत्येक दरवाजा त्याने घासून पुन्हा रंगवलाय. दरवाज्यांशी माझं काही भांडण नव्हतं. पण मी चार दिवस ब्रेडाला मैत्रिणीकडे गेले आणि त्याने माझा तंबोरा घेतला.

लग्न होऊन इकडे निघाले तेव्हा माझ्या गाण्याच्या बाईंनी तो मला दिला होता. तारांखालच्या घोडीला अगदी बारीक उतार असतो, त्याला टेकून तार झणझणते. तीच जवारी. बाईंनी मिरजेच्या कारागिरापुढे बसून, गात गात, तो उतार बसवून घेतला होता. आता बाई नाहीत. नवऱ्याच्या व्हिसावर आले, नवऱ्याच्या नावावरच्या घरात राहिले; माझं म्हणावं असं इथे तेवढंच होतं.

परत आले तर मागच्या शेडमधून डोळ्यांत पाणी आणणारा वास येत होता.

"बघ!" त्याने दार उघडलं. "सायकली बाहेर काढल्या, सगळीकडे प्लास्टिक लावलं आणि चार कोट मारले. बाउमार्क्टच्या रंगाच्या सेक्शनमधला बेस्ट लॅकर स्प्रे. दिवाळीच्या प्रोग्रॅमला स्टेजवर कसला दिसेल!"

तंबोरा चकाकत होता. भोपळ्यावर दर दसऱ्याला मी तेलाचं बोट आणि हळदकुंकू लावायची, तो डाग त्याने घासून काढला होता. पण तेल आत मुरलेलं, तेवढ्या जागी लॅकर धरलंच नव्हतं. बारीक बारीक खड्डे पडले होते.

"हे असं का झालं कळत नाही," तो म्हणाला.

मुलगी मागून म्हणाली, "आई, इट लुक्स लाइक अ न्यू कार."

"घोडीलापण मारलास?"

"हो मग! झिजली होती गं ती. आधी पॉलिशपेपरने एकदम प्लेन केली."

मी तार छेडली. टक. खोक्यावर टिचकी मारावी तसं.

"मला विचारायचं होतंस."

"सरप्राइज होतं ना! थँक्यू राहिलं बाजूला. आणि सुरासाठी फोनवर ॲप आहेच की."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक हसतात. मला हसू आलं नाही, त्याची चीड आली. घोडी घासली म्हणून तर आलीच. पण इतकी वर्षं रोज सकाळी मी त्याच्या भिंतीपलीकडे तंबोरा लावून गात होते, आणि ह्या माणसाला जवारी कधी ऐकूच आली नव्हती.

दिवाळीच्या कार्यक्रमात तंबोरा त्यानेच मिरवत स्टेजवर नेला. लोकांनी फोटो काढले. घरीच केलं म्हणून त्याने सगळ्यांना सांगितलं, खड्ड्यांवर हात ठेवून. मग तंबोऱ्यामागे ॲप चालू करून फोन ठेवला.

"कुणाला कळणार नाही," माझ्या कानात म्हणाला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

मी फोन बंद केला. माईक घोडीजवळ ओढला आणि तारा छेडल्या. टक, टक, टक, टक. मागून कुणीतरी विचारलं, "माईक ऑन आहे ना?" नवरा डोळ्यांनी खुणावत होता, गा, गा. मी गायले नाही. त्याच्याकडे बघत चारही तारा पुन्हा छेडल्या, आणि त्याला ऐकू येईपर्यंत छेडत राहिले.