सखुबाईने दिवस कुठून मोजले

“उंबऱ्याच्या आत आलं, तवा जन्मलं.”

आमच्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सखुबाई हे येता-जाता म्हणायची. पोर दवाखान्यात होवो, नाहीतर सुनेच्या माहेरी होवो, तिच्या लेखी ते घरात येईपर्यंत जन्मलेलंच नसे. दारात आलं की ती भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळायची, समुद्राच्या दिशेने फेकायची, आणि तिथून सव्वा महिना मोजायची. तेवढे दिवस बाळ-बाळंतिणीने वेस ओलांडायची नाही. वाड्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली होती, म्हणून तिचं मोजणं कुणी मोडत नसे.

नवरा समुद्रातच गेला होता. मुलगा धनेश होडीवर जाई. ती आणि सून हेमाली किनाऱ्यावर बोंबील वाळवत. अंगाने काटक, बोलायला खारट बाई. रडणाऱ्या बाळाला मात्र ती दोन हातांत धरी आणि बाळ गप्प होई. त्याचा तिला मोठा ताठा होता.

हेमालीला दिवस भरण्याच्या कितीतरी आधी मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नळीतून प्राणवायू दिला. शेजारची केसर म्हणाली, “सखू, पेटीत ठेवलेली मासळी ताजी ऱ्हाते गो, घाबरू नको.” सगळ्या हसल्या. सखुबाईही हसली.

महिना होत आला तेव्हा डोळ्यांची डॉक्टरीण आली. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा आतला पडदा कच्चा असतो, त्यावर नको तशा रक्तवाहिन्या वाढतात आणि पडदा ओढून सुटतो, म्हणून आत बघायचं, असं तिने सांगितलं. हेमालीला ताप होता. पोरीचे पाय धरायला सखुबाई उभी राहिली.

डोळ्यांत थेंब घातले. मग पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा बारीक चिमटा बसवला, आणि एका आकड्याने बुबुळ हळूच वळवलं. पोर किंचाळली. अशी किंचाळली की सखुबाईच्या हातांतलं सगळं कसब गळून पडलं. मग आवाजच थांबला. ओठ निळे पडले. नर्सने तळपायावर टिचक्या मारल्या, तेव्हा श्वास आला.

“काढा ती तार!” सखुबाई मध्ये आडवी झाली. “मेलेल्याचेबी डोले मिटतात लोक. तुमी जित्या पोरीचे उघडे बांधता?”

“मावशी, एकच डोळा झालाय. डावा राहिला.”

“ऱ्हाऊ दे.”

डॉक्टरीण दमली होती. ती म्हणाली, “बरं. आठवड्याने या. कॅमेरा येणार आहे, त्याने कमी त्रास होतो. पण याच हं, थांबू नका.”

दोन दिवसांनी पोर घरी आली. तुकडा ओवाळून झाला. प्राप्ती नाव ठेवायचं ठरलं. आठवडा उलटला तशी हेमाली म्हणाली, “आये, डॉक्टरनीनं बोलावलंय.”

“सव्वा महिना होऊ दे.”

“तो झाला की गो!”

“पेटीतले दिस मोजतात का? ती घरात आली तवा जन्मली.”

हेमालीने नवऱ्याकडे पाहिलं. धनेश जाळ्याची गाठ सोडवत बसला होता. “आयला ठावं,” एवढंच तो बोलला. हेमाली पुन्हा बोलली, मग रडली, मग गप्प झाली. सखुबाई पोरीला रोज तेल लावी. वजन वाढत होतं, गाल भरत होते. उशीर होतोय असं त्या पोरीकडे बघून कुणालाही वाटलं नसतं.

सव्वा महिना भरल्यावर तिघी गेल्या. या वेळी नर्सने पोरीला मऊ कापडात हातपाय आत घेऊन घट्ट गुंडाळलं, जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडले. कॅमेरा डोळ्याला टेकवला. चिमटा होताच, पण पोर थोडी कुरकुरली आणि साखर चोखत राहिली. सखुबाई हे सगळं बघत होती. ज्या किंचाळीच्या भीतीने ती थांबली होती, ती किंचाळी आलीच नाही.

संगणकाच्या पडद्यावर डोळ्याच्या आतलं लालसर चित्र उमटलं. डॉक्टरणीने ते पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं.

“मावशी, किती उशीर केलात! कुठून मोजत होतात?”

सखुबाईने आपलं वाक्य सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही, रागावलीही नाही.

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. उजव्याला त्याच दिवशी लेसर केलं. तो वाचला, धूसर का होईना.

घरी आल्यावर हेमाली एकदाच म्हणाली, “आये, तुमी मोजलंत.” त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती सासूला जेवायला वाढी, दुखण्यात पाय चेपी, पण पोरगी तिच्या हातात दिली नाही. प्राप्ती चालायला लागली, बोलायला लागली. सखुबाई तिच्याकडे लांबूनच बघे. वाड्यातल्या बाळांना न्हाऊ घालणंही तिने सोडलं. बोलावणं आलं की म्हणे, “हात दुखतात.”

यंदा केसरच्या सुनेला, सुचिताला, असंच वेळेआधी बाळ झालं. पेटीतून घरी आलं आणि डोळ्यांची तारीख आली, तर केसर म्हणाली, सव्वा महिना झाल्यावर बघू.

सखुबाईच्या कानावर गेलं. ती हेमालीपुढे उभी राहिली. “प्राप्तीला घिऊन ये. केसरला तिचा डोला दावते.”

“माझी पोर दावायला न्हाय.”

सखुबाई एकटीच गेली. केसर दारातच म्हणाली, “तूच शिकवलंस ना, उंबऱ्याच्या आत आलं, तवा जन्मलं?”

“मीच. माझ्या नातीचा डोला मी घालवला.” आवाज चढवला नव्हता, पण गल्लीतल्या बायका हातातलं काम सोडून बघू लागल्या. “सुचिता, ऊठ. पोर दे.”

“न्यायची तर तू ने,” केसर म्हणाली. “रडलं तर तू ऐक.”

“ऐकते.”

तिने बाळाला हातपाय आत घेऊन घट्ट गुंडाळलं, तसंच, नर्सने गुंडाळलं होतं तसं. सुचिताने चपला घातल्या. दोघी रिक्षाच्या नाक्याकडे निघाल्या. सखुबाई पुढे, वाकून, बाळावर पदर धरून. केसर दारातच उभी राहिली.

किनाऱ्यावर हेमाली बांबूंवर बोंबील टाकत होती. ती थांबली. कडेवरच्या प्राप्तीने सगळी मान डावीकडे वळवली, उजव्या डोळ्यात आजी येईपर्यंत, आणि ती वळणाआड जाईतो तशीच धरून ठेवली.