एटापल्लीत शिकवणाऱ्याच्या हातात आलुबोंडा

नाई, तुमचं म्हणणं मले अजूनही पटलं नाई. "लोकं लॅपटॉप उघडून बसतील, अडकतील, गोंधळ होईल. त्यापेक्षा पडद्यावर दाखवा अन् मोकळे व्हा." मागच्या पोस्टखाली तुम्ही हेच लिहिलं. चंद्रपुरात आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद भरवून राह्यलो, त्यातला वर्कशॉपचा दिवस माझ्याकडं. बाकीचे आयोजकही तुमच्याच बाजूचे. म्हणाले, "एकदा करून दाखव, नाईतर त्या दिवशीही भाषणंच ठेवू."

म्हणून आधी एटापल्लीच्या कॉलेजातल्या पोरांसोबत करून पाहायचं ठरवलं, अन् शनिवारी पहाटे चंद्रपूरच्या ऊर्जानगरातून बाईक काढली. मागं प्रफुल, माझा कॉलेजचा दोस्त. शिकवणारा तोच.

जाणार असाल तर मूल-चामोर्शीवरून जा. चामोर्शीपर्यंत दोन्हीकडं धानाच्या बांध्या, रस्ता मस्त. आष्टीपुढं ट्रकांनी रस्ता पार खाल्ला आहे. आलापल्लीत टाकी भरून घ्या. तिथून पुढं साग दाट होते, गारवा लागते, अन् मोबाईलची रेंज जाते.

"सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं ना बे?" प्रफुलनं मागून पुन्हा विचारलं.

घेतलं होतं. तिथं डाउनलोड करत बसलो असतो तर दिवस त्यातच गेला असता.

एटापल्लीत कॉलेजची एक खोली, एका लॅपटॉपवर दोघं-दोघं. काम साधं: आपल्या गावच्या बसची वेळ दाखवणारं वेबपेज. प्रफुल हुशार, पण त्याचा हात थांबत नाई. कोणी अडकलं की कीबोर्ड ओढते, टकटक करते, "झालं, बघ." थोड्या वेळात सगळ्यांची पानं चालू, अन् सगळी प्रफुलची. पोरं मागं टेकून जांभया देऊन राह्यले. मले वाटलं, गेला आपला दिवस. हे तर पडद्यावरही झालं असतं.

सविता मडावी नावाची पोरगी म्हणाली, "सर, तुमचं झालं असंन तर मले द्या. मी कवा हात लावू?"

प्रफुल ओशाळला. दोन मिनिटांत पुन्हा तेच.

तेवढ्यात नाश्ता आला, तेल निथळणारे आलुबोंडे. मी त्याच्या दोन्ही हातांत एकेक ठेवला.

"अबे, हे काय?"

"खा. संपले की आणखी देतो. तेलकट हातानं कोणाच्या मशीनले हात लावशील का?"

आता त्याले तोंडानंच सांगावं लागलं. "चौथी ओळ मोठ्यानं वाच. काय राह्यलं?" सविता वाचता वाचता थांबली, एक कंस लावला, पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं: बस चार वाजता, आली तर.

"आली तर काऊन?" प्रफुलनं विचारलं.

"आमच्या गावाले येऊन पाहा, सर."

मग ती शेजारच्या जोडीकडं गेली, हात पाठीमागं बांधून. संध्याकाळपर्यंत एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं.

परतताना आलापल्लीत वरण-भात अन् वांग्याची भाजी, स्वस्त अन् झकास. प्रफुल नुसतं ताक प्यायला.

घरी आल्यावर आयोजकांना ती पानं दाखवली. त्या दिवशीची भाषणं रद्द झाली. वर्कशॉप उद्या आहे: सामान पेन ड्राइव्हवर, दोघांत एक लॅपटॉप, अन् मदत करणाऱ्याच्या दोन्ही हातांत आलुबोंडा. मदतीले सविता अन् तिच्या दोन मैत्रिणी येऊन राह्यल्या. त्यांच्या बसचं तर तुम्हाले समजलंच. मी भाड्यानं जीप घेतली आहे. खाली काय लिहायचं ते लिहा, आलापल्लीपुढं रेंज नाई. निघालो.