पूर्व स्टँड, तिसरी रांग

लग्नघराच्या दारात चपला साठतात ना, तसे आमचे किस्से साठलेत. काढताना कुणाचं लक्ष नसतं, आणि निघायच्या वेळी बघावं तर हा ढीग! आमचा फुटबॉल क्लब भोपाळ सोडून दुसऱ्या शहरात गेला, तेव्हा कुठे कळलं की आपल्याकडे एवढं काही जमलंय. आता दर रविवारी बिट्टन मार्केटच्या टपरीवर बसतो आणि तेच तेच किस्से एकमेकांना ऐकवतो. टपरीवाला वैतागून म्हणतो, "मॅडम, ये वाला तो पिछले हफ्ते भी हुआ था." मी म्हणते, "तुम चाय छानो, भैया."

क्लबचं नाव ताल एफ. सी. जर्सी हिरवी. आणि आमची टोळी मोजून चार जणांची. शिवाजी नगरच्या क्वार्टरमधली मी, वैशाली, सरकारी कचेरीत नोकरी, तोंडाने जरा फटकळ. अशोका गार्डनला सायकलचं दुकान असलेले शफीकभाई, ज्यांचा ढोल आख्ख्या मैदानाला ऐकू जायचा. आणि देवधर काका-काकू. काका इथल्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, रिटायर झाले आणि इथलेच झाले.

जागा ठरलेल्या. पूर्व स्टँड, तिसरी रांग. सतरा नंबरवर काका, अठरावर काकू, एकोणीसवर मी. वीस नंबर शफीकभाईंचा, पण ते त्यावर कधी टेकले नाहीत. ढोल बसून वाजत नाही म्हणे!

* * *

क्लब चालवणाऱ्या कंपनीने पहिल्या सीझनला सिमेंटच्या पायऱ्यांवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या बोल्टने बसवल्या. काकांची नेमकी डुगडुगायची. दुसरा कुणी असता तर शेजारच्या खुर्चीवर सरकला असता. काका पुढच्या मॅचला खिशात पाना आणि वॉशर घेऊन आले!

हाफटाईमला लोक समोसे खायला गेले आणि काका खुर्चीखाली आडवे. आधी सतरा नीट केली, मग अठरा, मग माझी. सीझन संपेपर्यंत आख्खी रांग झाली. आणि प्रत्येक खुर्चीच्या खाली बारीक ब्रशने, पांढऱ्या रंगात, "तपासले, वि. दे." जन्मभर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात हीच सही केलेली, हात कुठला थांबतोय!

सिक्युरिटीवाल्याने हटकलं, "अंकल, ये क्या कर रहे हो?"

काका खालूनच म्हणाले, "जो तुम्हारी कंपनी को करना था."

पुढच्या मॅचला त्याच सिक्युरिटीवाल्याने गेटवरची स्वतःची मोडकी खुर्ची उचलून आणली आणि काकांसमोर ठेवली.

* * *

काकूंना फुटबॉलमधलं काडीचं कळत नव्हतं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. "हे घरी बसून टीव्हीशी भांडतात, त्यापेक्षा इथे उन्हात भांडू देत," म्हणून त्या यायच्या. येताना दोन किलो मटार आणि मांडीवर भांडं. मॅच संपेस्तोवर मटार सोलून तयार. "मॅच बरोबरीत सुटली तरी उसळ होतेच," हे त्यांचं फुटबॉलविषयीचं एकमेव मत.

एकदा शेवटच्या मिनिटाला आपला गोल! काका उडाले, मी उडाले, भांडं उडालं. मटार खालच्या दोन रांगांवर! काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, "नाच नंतर करा, आधी मटार वेचा."

आणि वेचले हो! कोण कुठली माणसं, चेहऱ्यावर हिरवा रंग फासलेली, ओणवी होऊन मटार वेचत होती. शफीकभाई टोपी पुढे धरून फिरत होते, "भाभी, उसळ में अब हमारा भी हिस्सा हुआ!"

पुढच्या मॅचला काकू डबा घेऊन आल्या. दोन रांगांना पुरेल एवढा.

* * *

मग लीगला धंद्याची अक्कल आली. साडेचारची मॅच भर दुपारी दीडला गेली, कारण संध्याकाळी टीव्हीवर मोठ्या शहरांची मॅच दाखवायची होती. मग जर्सी जांभळी झाली, कारण नव्या स्पॉन्सरच्या अॅपचा रंग जांभळा होता. शफीकभाईंनी स्वतः शिवलेलं बारा हात लांब हिरवं निशाण गेटवर अडवलं गेलं.

"सर, ये कलर अब आउटडेटेड है," गेटवरची पोरगी म्हणाली.

"तो बेटा, हम भी हैं," शफीकभाई म्हणाले. "हमें भी यहीं जमा कर लो."

त्याच वर्षी कंपनीने फॅन लोकांची मीटिंग बोलावली. लॅपटॉपवाला एक तरुण साहेब आला. तासभर ग्रोथ, रीच, नेक्स्ट लेव्हल! आम्हाला वाटलं आपण फुटबॉलऐवजी रॉकेटच्या मीटिंगला आलोय. शेवटी त्याने विचारलं, "आप लोगों की क्या अपेक्षा है?"

काकूंनी हात वर केला. "लेडीज बाथरूम को कुंडी लगवा दो, बेटा."

त्याने ते लॅपटॉपमध्ये लिहून घेतलं. क्लब गेला, पण कडी काही लागली नाही.

* * *

पुढच्या हिवाळ्याआधी काकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आमच्या चौघांत सगळ्यात कमी आवाज त्यांचा होता, आणि त्याच गेल्यावर स्टँड असा सुनासुना झाला की मला तिथे बसवेना. पण काका यायचे म्हणून मीही जायचे.

काकांनी त्या वर्षीही सीझन तिकिटं दोन काढली. सतरा आणि अठरा. मी काही विचारलं नाही. एरवी मी कुणाला सोडत नाही, पण तिथे जीभ रेटेना.

सेमीफायनलला मैदान खच्चून भरलं होतं. एक माणूस जागा शोधत आला, अठरा नंबरकडे बोट दाखवून म्हणाला, "अंकल, यहाँ कोई है?"

"हाँ," काका म्हणाले. एवढंच.

त्या माणसाने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि पूर्ण मॅच पायरीवर उभा राहून पाहिली. मी त्या दिवशी मॅच पाहिलीच नाही. डोळे पुसण्यात गेली सगळी.

* * *

क्लब शहर सोडतोय ही बातमी आम्हाला कुणी सांगितली? अॅपने! "हम नए घर जा रहे हैं! आप कितने एक्साइटेड हैं?" खाली तीन पर्याय. एक बदाम, दोन बदाम, तीन बदाम.

शफीकभाईंनी फोन उलटासुलटा करून बघितला. "वैशाली बहन, इसमें जूता किधर है?"

मग आम्ही मोर्चा काढला. दीड-दोनशे माणसं, हिरवं निशाण, ढोल, सगळं साग्रसंगीत! क्लबच्या ऑफिसवर धडकलो, तर दाराला कुलूप. बाहेर एकटा आपला तो जुना सिक्युरिटीवाला.

"साहब लोग संडे को नहीं आते," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. रविवार, दुपारी साडेचार! मोर्चाची वेळ मीच ठरवली होती आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. लीगने मॅच दीडला नेली तरी आमच्या अंगात रविवारची साडेचारचीच मॅच भिनलेली, दुसरी वेळ सुचणार कशी?

"अब आ ही गए हो तो नारे लगा लो," सिक्युरिटीवाल्याला आमची दया आली. लावले की! बरोबर पाऊण तासाने सगळे आपोआप थांबले आणि चहाला गेले. पंधरा मिनिटांनी परत येऊन पुढच्या घोषणा.

काकांनी एकही घोषणा दिली नाही. त्यांनी सिक्युरिटीवाल्याला बाजूला घेऊन फक्त विचारलं, "कुर्सियाँ तो यहीं रहेंगी ना?"

"नहीं अंकल. कुर्सियाँ तो कंपनी की हैं. सब जाएगा."

काका तिथेच फुटपाथवर बसले. क्लब कुठे का जाईना, त्यांना त्या दोन खुर्च्या हव्या होत्या. कंपनीला त्यांनी सुंदर अक्षरात तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, "आपल्या फीडबॅकबद्दल आभारी आहोत."

* * *

ट्रक आला त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारून काकांबरोबर मैदानावर गेले. मजुरांनी बाकीचा स्टँड भराभर उघडला. पण तिसरी रांग हलेना! चौघे झटले, पाने घसरले, हाताला फोड आले, बोल्ट जागचा हलायला तयार नाही. काकांचं काम होतं ते!

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, राहतात आता इथेच!

तेवढ्यात एक मजूर घाम पुसत काकांजवळ आला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! "अंकल, ये लाइन नहीं खुली तो आज गाँव की बस छूट जाएगी."

काकांनी त्याच्या हातावरचे फोड बघितले. मग खिशातून पाना काढला आणि एकेक करून स्वतःच्या हाताने सगळी रांग उघडून दिली. मी त्यांना अडवायला हवं होतं असं अजून वाटतं.

"वॉशर सँभालना," तेवढं त्या मजुराला म्हणाले.

* * *

आणि आता शेवटचा. हा टपरीवाला सुद्धा पुन्हा पुन्हा ऐकतो.

नवा सीझन लागला तेव्हा कंपनीच्या कस्टमर केअरचा काकांना फोन आला. आम्ही टपरीवरच होतो, काकांनी स्पीकर लावला. "सर, आपके दोनों सीझन टिकट नए स्टेडियम में ट्रान्सफर हो गए हैं! सेम स्टँड, सेम रो, सेम सीट!"

"वही सीट?" काकांनी विचारलं.

"जी सर, वही सीट!"

काकांनी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. काकांनी खिशातला कागद काढून तारीख, वेळ आणि बाईंचं नाव लिहून घेतलं. मी म्हटलं, "अहो काका, त्या सगळ्यांना पोपटासारखं हेच सांगतात." काकांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

त्या आठवड्यात काका गायब! घराला कुलूप, फोन बंद. मी आणि शफीकभाई सगळीकडे विचारून दमलो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. रविवारी दुपारी काकांचा फोन. "वैशू, स्टेशनवर आहे. शफीकला म्हणावं लोडिंग ऑटो आण. सामान आहे."

प्लॅटफॉर्मवर काका उभे, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, आणि शेजारी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं. मी आधी रागावून घेतलं, मग रडून घेतलं, मग विचारलं, "हे काय?"

काकांनी सगळं सरळ सांगितलं. दोन दिवसांचा प्रवास करून ते नव्या स्टेडियमवर पोचले. स्टँड निम्माशिम्मा रिकामा. तिसऱ्या रांगेत वाकून खुर्च्यांच्या खाली बघितलं, तर "तपासले, वि. दे."! हाफटाईम झाली, काका पाना घेऊन आडवे. दोन सिक्युरिटीवाले धावत आले. काकांनी तिकीट दाखवलं, म्हणाले, "सीट मेरी है. इसमें लिखा है. फोन पे मॅडम ने दो बार बोला है." आणि तो तारीख-वेळेचा कागदही दाखवला. त्यांनी त्यांच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने तिकीट वाचलं, कागद वाचला, मग वाकून खुर्चीखालची सही वाचली.

"ये वि. दे. कौन है?"

"मैं."

साहेबाने घड्याळ बघितलं. "सेकंड हाफ से पहले निकाल लीजिए, बाबूजी."

शफीकभाईंना दम कुठला निघतोय! त्यांनी तिथेच चादर सोडली आणि खुर्चीचा नंबर बघून कपाळावर हात मारला. "अरे देवधर साहब, गजब कर दिया! ये तो अठारह है! आप तो सत्रह पे बैठते थे!"

"चला," काका म्हणाले, "साडेचार होत आले."

वाटेत त्यांनी बिट्टन मार्केटला ऑटो थांबवायला लावला आणि उतरून मटार घेतले. दोन किलो. मैदानात चिटपाखरू नव्हतं. काका तिसऱ्या रांगेत गेले, सिमेंटमधली जुनी भोकं फुंकर मारून साफ केली, खुर्ची बसवली, चारही बोल्ट आवळले, दोन्ही हातांनी हलवून बघितली. नंतर मटारची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि स्वतः शेजारी, नुसत्या पायरीवर, बसले.

"वैशू," मैदानाकडे बघत ते म्हणाले, "भांडं आणलंयस का गं?"